मूळ इंजिन कुठलं?

"ओरिजिनल" या शब्दाइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नसेल. (तो मराठीच झालाय आता, वाद नको.) ओरिजिनल पैठणी, ओरिजिनल हापूस, ओरिजिनल स्पेअर पार्ट... हा शब्द जिथे जरा मोठ्याने उच्चारला जातो तिथे खिसा सांभाळावा, हे शहाणपण आपल्याला लहानपणीच मिळतं. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत आता या शब्दाला कायद्याचं बळ आलंय, आणि त्यापायी आमच्या देवळ्याकडची एक म्हातारी अँब्युलन्स अर्धी भंगारात जायच्या बेतात आहे. म्हणून या विकांताला हा प्रपंच.

गाडी अशी आहे. लांब चासीची महिंद्रा जीप, आरसी बुकावर साल १९६७. पुढे नेहमीचं जीपचं तोंड आणि मागे पत्र्याचा मोठा डबा. मागून उघडणारी दोन दारं, बाजूला दुधी काचा. काही वर्षं सरकारी दवाखान्यात होती, मग लिलावात निघाली आणि आमच्या आप्पांच्या वडिलांनी घेतली. त्यानंतर तिने कांद्याच्या गोण्या वाहिल्या, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या तरी सुनेला कळा सुरू झाल्या की भावडबारीचा घाट ओलांडून नाशिकही गाठलं. म्हणजे लिलाव झाला तरी तिची नोकरी काही सुटली नाही :-) २००९ पासून मात्र ती खळ्यात, कांदाचाळीच्या आडोशाला उभी आहे.

आता मुंबईचे एक हौशी गृहस्थ तिला मागताहेत. किंमत बरी देताहेत. त्यांचा बेत असा, की मागचा डबा कापून टाकायचा, आतलं डिझेल इंजिन काढायचं, कुठूनतरी जुनं पेट्रोल इंजिन मिळवून बसवायचं, मिलिटरीचा हिरवा रंग मारायचा आणि 'ओरिजिनल विलीज जीप' म्हणून रॅलीत उतरवायची. आप्पांनी मला फोन केला. "तू इंजिनीअर ना रे भाऊ? मग सांग, हिचं ओरिजिनल इंजिन कुठलं?" सॉफ्टवेअरवाल्याला गावात मिक्सरपासून मोटरपंपापर्यंत सगळं विचारतात, त्यातलाच हा प्रश्न. पण दोन विकांत तिथे धुळीत घालवल्यावर माझं ठाम मत झालंय, की या गाडीचं 'ओरिजिनल' त्या गृहस्थांना हवंय तिथे नाहीच. ते कसं, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याला सवय आहे ती शोरूममधून अखंड बाहेर पडणाऱ्या गाडीची. पण कामाच्या गाड्या कित्येक वर्षं दोन घरी जन्माला येत. एक कारखाना चासी, इंजिन आणि फार तर पुढचं तोंड द्यायचा. मागची बॉडी बांधायचा दुसराच कोणीतरी. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ गाड्या जोडल्या. तिथल्या ट्रकच्या चासीवर गावोगावच्या सुतार-लोहारांनी काय काय बांधलं असेल त्याची गणतीच नाही. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावलेली आपली पहिली एसटीसुद्धा बेडफर्डची चासी आणि वर लाकडी बॉडी अशीच होती. पुढे एसटीने दापोडीला स्वतःच बॉड्या बांधायला घेतल्या.

अमेरिकेत या प्रकाराला वेगळंच वैभव होतं. कॅडिलॅक कंपनी खास लांब चासी पुरवायची आणि मिलर-मिटिओरसारखे कारागीर त्यावर अँब्युलन्स नाहीतर शववाहिका बांधायचे. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमातली ती पांढरी गाडी आठवते? ती १९५९ ची मिलर-मिटिओर कॅडिलॅक. अशा गाड्या जपणाऱ्यांनी तिथे १९७६ मध्ये स्वतःची संघटनाही काढली. आपल्याकडे कॅडिलॅक कुठली, आपली जीप! १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. खेड्यापाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना पुढे युनिसेफनेही गाड्या पुरवल्या. पक्का रस्ता नसलेल्या तालुक्यात डॉक्टर पोचायचा तो बहुधा जीपमधूनच.

तर आता मूळ प्रश्न. पन्नास-साठ वर्षांची गाडी, दोन-तीन मालक, अनेक मिस्त्री. हिचं मूळ ओळखायचं कसं? माझा नियम साधा आहे. कागद नंतर, लोखंड आधी. कोड आणि डॉक्युमेंटेशन यांच्यात भांडण असेल तर आपण कोडवर विश्वास ठेवतो, तसंच.

पहिली पायरी म्हणजे चासी. टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. विलीजच्या सीजे-३बी जीपचा व्हीलबेस ८० इंच. महिंद्राने आपल्याकडच्या वापरासाठी ९१ इंचांच्या जीपही काढल्या. आप्पांची गाडी ९१ भरली. म्हणजे कोणीतरी मधे कापून लांब केलेली नाही, मुळातच लांब आहे. चासीच्या पट्टीवर सलग वेल्डिंगची शिवण दिसली असती तर गोष्ट वेगळी होती.

दुसरी पायरी बॉडीची, आणि मजा इथेच आहे. डबा नंतर कोणी चढवला की पहिल्यापासून आहे? पत्र्याच्या आत पाहिलं तर सागाच्या लाकडाचा सांगाडा, वर रिबिट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. जुन्या एसटीच्या पद्धतीचं काम. आत जमिनीवर दोन समांतर रांगांत भोकं, स्ट्रेचर सरकवायचे रूळ बसवलेले असणार त्यांची. टपाला आतून एक लोखंडी आकडा, सलाइनची बाटली अडकवायला. ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटी सरकती खिडकी. आणि मुख्य पुरावा म्हणजे चासीवरचे बॉडीचे बोल्ट. त्यांची भोकं एकदाच पाडलेली आहेत. आधी दुसरी बॉडी असती तर जुनी, रिकामी भोकं कुठेतरी दिसलीच असती. दाराच्या चौकटीपाशी चार छोट्या खिळ्यांच्या खुणा आहेत, मध्ये आयताकृती फिकट डाग. तिथे बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची पट्टी होती. रंगवताना कोणीतरी काढली आणि परत लावली नाही. एका पट्टीसोबत त्या कारागिराचं नाव गेलं ते गेलंच.

तात्पर्य, ही गाडी उघडी जीप कधीच नव्हती. ती अँब्युलन्स म्हणूनच जन्माला आली. तिचा डबा कापून 'ओरिजिनल विलीज' करणं म्हणजे नऊवारीतल्या आजीला जीन्स घालून "ही हिची मूळ वेशभूषा" असं सांगणं.

आता इंजिन. विलीजच्या जुन्या जीपमध्ये 'गो डेव्हिल' नावाचं पेट्रोल इंजिन असे. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, वर हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, त्यामुळे इंजिन बुटकं. नंतर 'हरिकेन' आलं. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि बाहेर सोडणारा खालीच राहिला. इंजिनाची उंची वाढली, म्हणून सीजे-३बीचं बोनेटही उंच करावं लागलं. कोपऱ्यावरून येणारी जीप लांबून पाहून मूळ इंजिन सांगायची ही युक्ती आहे. बोनेट उंच, तर खाली मुळात हरिकेन असणार. आप्पांच्या गाडीचं बोनेट उंच आहे.

पण बोनेट उघडलं तर आत डिझेल! स्पार्क प्लग नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, बाजूला इंजेक्शन पंप. हे प्यूजोचं एक्सडीपी ४.९०. यातला ४ म्हणजे सिलिंडर चार आणि ९० म्हणजे बोअर ९० मिलिमीटर. स्ट्रोक ८३. गुणाकार केला की २११२ सीसी. गंमत म्हणजे हरिकेनचा बोअर साधारण ७९.४ आणि स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, त्याचे होतात २१९९ सीसी. फरक फक्त ८७ सीसीचा. पण एक लांब दट्ट्याचं, सावकाश फिरणारं पेट्रोल इंजिन आणि दुसरं आखूड स्ट्रोकचं डिझेल. नुसता सीसीचा आकडा बघून कोणी "जवळपास तेच" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आणि हे फ्रेंच इंजिन परदेशातून आलेलं नव्हे बरं का! महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोचा परवाना घेतला आणि ही इंजिनं आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला बनू लागली. म्हणजे गाडीतला सर्वात 'नाशिककर' भाग कुठला म्हणाल तर तो हाच.

मूळ इंजिन गाडीत नसलं तरी त्याच्या खुणा असतात. ते जिथे बसायचं तिथल्या फाउंडेशनचे कान चासीवर कापलेले दिसतात आणि शेजारी नवे वेल्ड केलेले. फायरवॉलवर इग्निशन कॉइलची पट्टी अजून आहे, कॉइल नाही. डॅशबोर्डवर चोक ओढायच्या जागी आता इंजिन बंद करायची स्टॉप वायर आहे. मिस्त्रीने भोक वाया घालवलं नाही. टाकीला डिझेल परत यायची दुसरी नळी नंतर जोडलीये, तिचं डाख काम वेगळं दिसतं. डिलीट केलेल्या फंक्शनचे कॉल्स कोडमध्ये राहून जातात ना, अगदी तस्सं. चार खुणा एकच गोष्ट सांगतात, की इथे पेट्रोल इंजिन होतं. उंच बोनेट सांगतं ते कुठलं.

हे झाल्यावरच मी आरसी बुक उघडलं. जुनं, कापडी पाठीचं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं. त्यात 'पेट्रोल' शब्दावर रेघ, वर 'डिझेल', नवा इंजिन नंबर, १९८६ ची तारीख आणि शिक्का. सगळं राजरोस. इथे एक कळकळीची विनंती. नवीन स्मार्ट कार्ड मिळालं म्हणून जुनं आरसी बुक फेकू नका. कार्डावर गाडीची आजची अवस्था असते, बुकात तिचा सगळा प्रवास असतो. कमिट हिस्टरी पुसून फक्त शेवटची फाइल ठेवणाऱ्या प्रोग्रॅमरला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

जाता जाता तारखांबद्दल. शेवरलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. महिन्याचं एक अक्षर, मग दिवस, मग सालाचा फक्त शेवटचा आकडा. म्हणजे शेवटी ८ असेल तर १९३८ की १९४८? वायटूकेचा बग डेट्रॉइटवाल्यांनी आपल्या कितीतरी आधी करून ठेवला होता! तिथे मग ब्लॉकचा नमुना बघून दशक ठरवावं लागतं. कुठल्याही गाडीला लागू पडणारा नियम इतकाच, की भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. जहाजाने सुटे भाग येऊन इथे जोडलेली गाडी असेल तर आणखी काही महिने आधीची. नंतरची निघाली तर तो भाग बदललेला, मग विकणारा कितीही शपथा घेवो.

तर आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मूळ इंजिन हरिकेन. मग आता ते शोधून बसवायचं का?

इथे कायदा येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेल्या, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांना चालते. नियम आणला हे चांगलंच झालं. त्याआधी प्रत्येक राज्यात वेगळाच गोंधळ होता.

पण या चाळणीतून खाली काय पडतं ते बघा. राजेरजवाड्यांची गाडी वर्षातून चारदा निघायची, ती मूळ स्वरूपात राहते. डॉक्टरची, दवाखान्याची, शेतकऱ्याची गाडी रोज राबते. तिचं इंजिन बदलतंच. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव कुठे गेले ते आपल्या आई-वडिलांना विचारा. डिझेल स्वस्त होतं, आणि गावात डिझेल इंजिन उघडून परत जोडणारा मिस्त्री सापडायचा, कारण ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं इंजिन तोच दुरुस्त करायचा. इंजिन बदललं म्हणूनच ही गाडी चालू राहिली. हरिकेनने तिला १९ वर्षं ओढलं, प्यूजोने २३. जास्त नोकरी कोणाची झाली?

शिवाय असा नियम नकळत खोटेपणाला आमंत्रण देतो. मूळ इंजिन नसेल तर नंबर मिळणार नाही, म्हणून लोक तेच मॉडेल भंगार बाजारात शोधणार. ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचं असणार. मग नंबर घासून नवा ठोकायचा मोह. म्हणजे खरा, शिक्क्यासकट नोंदवलेला इतिहास काढून टाकायचा आणि त्याजागी बनावट 'मूळ' बसवायचं. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची जी महासंघटना आहे, फिवा, तिच्या २०१२ च्या ट्युरिन सनदेचा रोख नेमका उलटा आहे. गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे साक्षीदार मानावेत, असा. आपल्याला हे समजायला ट्युरिनला जायचीही गरज नाही. गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप जाऊन सिमेंटचा आला म्हणून कोणी देव बदलला म्हणत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत दम आहे. पहिला, बदल चालवून घेतले तर कोणीही काल बसवलेलं इंजिन घेऊन व्हिंटेज म्हणून येईल. बरोबर. म्हणून तारीख लावा. सरकारी कागदावर नोंद असलेला आणि किमान तीस वर्षं जुना बदल ग्राह्य धरा, बाकीचे नको. दुसरा आक्षेप आप्पांचाच. "हे सगळं खरं भाऊ, पण पैसे तो देतोय. तुझा इतिहास मला खत-बियाणं देईल का?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही, आणि शहरात बसून त्यांना त्यागाचा उपदेश करणं मला शोभतही नाही. पण एक गणित मी त्यांच्यापुढे मांडलं. रंगवलेल्या उघड्या जीप बाजारात पैशाला पासरी आहेत. सागाचा सांगाडा, स्ट्रेचरच्या खुणा आणि १९८६ चा शिक्का असलेली अँब्युलन्स किती? दुर्मिळ वस्तू सामान्य करून विकण्यात धंदाही नाही. आप्पांनी महिनाभर थांबतो म्हटलंय. त्यांचा मिस्त्री मात्र हसला, "आते कोन इचारस तिले?"

मिस्त्रींचा प्रश्न मला जास्त बोचतो, कारण एका गाडीपुरता तो नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात आली आणि त्या भंगारात जाऊ लागल्या. धुराचा आणि सुरक्षेचा विचार केला तर निर्णय योग्यच आहे. आज १०८ ला फोन केला की जी अँब्युलन्स येते, ती सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि कुठल्याही पेशंटला मी जुन्या जीपमध्ये घालणार नाही. पण गाडी तोडण्याआधी दोन पानांची नोंद करायला काय लागतं? चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडी कोणी बांधली, चार फोटो, आणि मुख्य म्हणजे लॉगबुक. सरकारी गाडीचं लॉगबुक म्हणजे तारीख, किलोमीटर, कुठून कुठे, कशासाठी. एका तालुक्यात आरोग्यसेवा कशी पोचली याचा याहून प्रामाणिक दस्तावेज मला तरी माहीत नाही. ते रद्दीच्या भावाने जातंय.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. व्हिंटेजच्या नियमात राबलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग हवा. तोडायच्या आधी नोंद सक्तीची हवी. आणि तोवर आपण, म्हणजे हातात कॅमेऱ्याचा फोन आणि डोक्यात थोडाफार इंजिनीअर असलेले लोक, एवढं करू शकतो. पुढच्या वेळी गावी गेलात की एखादी जुनी अँब्युलन्स, दवाखान्याची मॅटॅडोर, नगरपालिकेचा स्वर्गरथ दिसला तर दहा मिनिटं थांबा. व्हीलबेस मोजा, इंजिन नंबर टिपा, डॅशबोर्डवरची रिकामी भोकं बघा, दाराच्या चौकटीपाशी कारागिराची पट्टी शिल्लक आहे का पाहा. असेल तर आधी तिचाच फोटो काढा. रंगाऱ्याचा ब्रश कधी येईल सांगता येत नाही.